बॅगेचा काटा घेऊन बंदूक घ्यायला गेलो त्याची गोष्ट

नोव्हेंबरातला रविवार, लेस्टरच्या बाहेरचं जंगल, रात्रभर पडलेला पाऊस, बुटात शिरलेला चिखल आणि एअरसॉफ्टचा सकाळचा दुसरा गेम. एका आडव्या पडलेल्या झाडामागे मी पोटावर झोपून समोरचा लाल पट्टीवाला कधी उठतोय त्याची वाट बघत होतो, तो उठला, मी ट्रिगर ओढला, आणि नेहमीच्या ठक ठक ठक ऐवजी मिक्सरमध्ये चमचा राहिल्यावर येतो तसा कर्रर्र आवाज आला आणि पुढं काहीच नाही. परत ओढला. परत कर्रर्र. समोरचा बाबा आधी बिचकला, मग त्याला कळलं काय झालंय ते, मग त्याने हसत हसत निवांत नेम धरून माझ्या मांडीत दोन छर्रे घातले. हात वर केला, हिट म्हणून ओरडलो आणि चालायला लागलो. नऊ वर्षांची बंदूक होती, २०१५ ला घेतलेली.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. एअरसॉफ्ट म्हणजे ६ मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे गोल छर्रे मारणाऱ्या बंदुका, दिसायला अगदी खऱ्यासारख्या, आणि त्या घेऊन चाळिशीतले बाप्ये जंगलात चोर-पोलीस खेळतात. छर्रा लागला की लागणाऱ्यानेच कबूल करायचं, सगळा इमानदारीचा मामला. जपानमध्ये याची सुरुवात झाली कारण तिथं सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणं जवळपास अशक्य, आणि १९९१ मध्ये टोकियो मारुई कंपनीने बॅटरीवर चालणारी पहिली रायफल काढली, त्याला एईजी म्हणतात. आज बाजारात ज्या शंभर ब्रँडच्या इलेक्ट्रिक बंदुका आहेत त्यांचं मूळ घराणं तेच. आत मोटर, मोटरवर गिअर, गिअर पिस्टनला मागं ओढतो, स्प्रिंग दाबली जाते, सुटते, हवा ढकलली जाते, छर्रा जातो. सेकंदाला पंधरावीस वेळा. बस एवढंच यंत्र आहे, आणि ते ज्या पेटीत असतं तो गिअरबॉक्स.

मला याची गोडी कशी लागली याचं उत्तर औदुंबरच्या जत्रेत आहे. फुगे फोडायची एअरगन. नेम मुद्दाम वाकडा करून ठेवलेला असायचा असं सगळे म्हणायचे आणि तरी सगळे पैसे घालवायचे. मी डावखुरा, तो बंदूकवाला दरवेळी माझ्या हातातून बंदूक काढून उजव्या खांद्याला लावून द्यायचा आणि माझे सगळे छर्रे मागच्या पडद्यात. तेव्हापासूनचा राग आहे. हा डावखुरेपणा पुढं कथेत परत येणार आहे, लक्षात ठेवा.

तर घरी आलो, आंघोळ केली, जेवलो आणि डायनिंग टेबलवर पेपर पसरून बंदूक उघडायला बसलो. बायकोने फक्त एवढंच विचारलं की उद्या सकाळी इथं नाश्ता करता येईल का. येईल म्हणालो. खोटं होतं ते.

गिअरबॉक्स उघडताना एक गोष्ट आधी करायची असते, आत एक छोटा खटका असतो जो गिअरला उलटं फिरू देत नाही, तो सोडवून स्प्रिंगचा ताण आधी काढून टाकायचा आणि मगच स्क्रू खोलायचे. हे मला माहीत होतं. यूट्यूबवर पन्नास वेळा बघितलं होतं. तरी मी शेवटचा स्क्रू काढला, वरचं झाकण जरा उचललं आणि स्प्रिंग जी सुटली ती टेबलावरून उडून फ्रिजच्या मागं, तिच्याबरोबर गिअरखालच्या बारक्या बारक्या चकत्या, शिम म्हणतात त्यांना, नखाएवढ्या पण नसतात, त्या सगळ्या स्वयंपाकघरभर. पोरगी नऊ वर्षांची, ती आणि मी मोबाईलची टॉर्च लावून फरशीवर रांगत होतो. आठ होत्या, सात सापडल्या. ग्रीस काळं पडलेलं, बोटाला लागलं की तीन दिवस वास जात नाही.

आणि मग दिसलं. शेलच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या कवचाच्या, पुढच्या टोकाला, जिथं पिस्टनचा सिलिंडर येऊन टेकतो त्या चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यातून केसाएवढी बारीक चीर खालपर्यंत गेलेली. नखाने चाचपली की अडकत होती. पिस्टनचे मधले चार दात भुईसपाट. माझी होती तशा एम-फोर पद्धतीच्या, म्हणजे अमेरिकन सैन्याच्या रायफलसारख्या, बंदुकांत जो गिअरबॉक्स असतो, ज्याला सगळे व्ही-टू म्हणतात, त्याचं हे जगजाहीर दुखणं आहे, प्रत्येक शॉटला पिस्टन पुढं जाऊन आपटतो तो सगळा मार त्या पातळ कोपऱ्यावर बसतो. शहाणी लोकं नवीन बंदूक आणली की तो कोपरा कानशीने गोल करून घेतात आणि पिस्टन आपटतो तिथं रबराची जाड चकती लावतात. मी काय केलं होतं? दोन वर्षांपूर्वी ७.४ व्होल्टची बॅटरी काढून ११.१ ची लावली होती, फायरिंग फास्ट होतं म्हणून. आत काहीच न बदलता. म्हणून ती बंदूक कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, त्यांनी बनवलेली वस्तू चांगलीच होती, मी तिला बैलाला ट्रकचं ओझं ओढायला लावल्यासारखी वापरली.

रिपेअर करायचं का नवीन घ्यायची यावर एक आठवडा गेला. नुसतं रिकामं शेल चाळीसेक पौंडांना मिळतं, पिस्टन पंधरा, पण मग गिअर पण जुने आहेत ते बदला, मोटर पण गरम होते ती बदला, आणि माझ्या हाताने परत जुळणार का हा प्रश्न. टेक्निशियनला द्यायची तर त्याची मजुरी. शेजारचे आमचे एक मराठी काका आहेत, त्यांच्या जुन्या गाडीचं असंच झालं होतं, क्लच केला मग सस्पेन्शन केलं मग गाडी विकली. मी ठरवलं नवीन.

आणि तिथंच पहिली माशी शिंकली. ब्रिटनमध्ये खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक कुणालाही विकता येत नाही, २००६ चा कायदा आहे. एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांना त्यातून सूट आहे पण तुम्ही खरंच खेळता हे दाखवावं लागतं, त्यासाठी दुकानदारांच्या संघटनेचा यूकारा नावाचा डेटाबेस आहे. अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत, एका मान्यताप्राप्त साइटवर, म्हणजे खेळायच्या जागेवर, किमान तीन गेम आणि ते पण दोन महिन्यांच्या काळात पसरलेले पाहिजेत, एका वीकेंडला तीन गेम खेळून त्या डेटाबेसमधला नंबर मिळत नाही. नंबर नसेल तर निम्म्याहून जास्त भाग भडक निळा नाहीतर हिरवा नाहीतर केशरी रंगवलेली बंदूक घ्यायची, पाण्याच्या पिचकारीसारखी दिसते ती. मला वाटत होतं माझा नंबर आहेच. एका दुकानाच्या वेबसाइटवर टाकला तर इनव्हॅलिड. दर वर्षी रिन्यू करायचा असतो तो, मी गेल्या वर्षी विसरलो होतो कारण नवीन काही घ्यायचंच नव्हतं. खेळाच्या साइटवाल्या बाईंना मेसेज केला, मी दर महिन्याला जातो हे त्यांना माहीत होतं म्हणून त्यांनी फॉर्म पाठवला, पण त्यात तीन आठवडे गेले. आता मागं बघून वाटतं बरं झालं, नाहीतर पहिल्याच रात्री मी अकरा वाजता काहीतरी ऑर्डर करून बसलो असतो.

ते तीन आठवडे रिव्ह्यू बघण्यात गेले. ऑफिसमध्ये टेस्टिंग करतो मी, एक्सेल शीट बनवायची सवय हाडात आहे, तर शीट बनवली. ब्रँड, किंमत, वजन, गिअरबॉक्स, हॉप-अप, मॅगझिन म्हणजे छर्रे भरायच्या पेट्या चालतात का, पार्ट मिळतात का. बायको म्हणाली लग्न ठरवताना एवढी चौकशी केली नव्हतीस.

पहिलं नाव अर्थातच टोकियो मारुई. या खेळात मारुईचं नाव निघालं की लोक जरा आवाज खाली करून बोलतात, आपल्याकडं जुन्या एचएमटी घड्याळाबद्दल बोलतात तसं. जपानच्या कायद्यामुळं त्यांची बंदूक १ ज्यूलच्या आतच असते, म्हणजे इथं बाकीच्यांपेक्षा ताकद कमी, आणि तरीही छर्रा सरळ आणि लांब जातो. कारण ताकद नाही, हॉप-अप. हे मला कळायला सहा वर्षं लागली होती म्हणून जरा सविस्तर लिहितो. नळीच्या सुरुवातीला रबराचा एक बारीक उंचवटा असतो, छर्रा त्याच्याखालून घासून जातो आणि त्याला उलटी फिरकी मिळते, त्या फिरकीमुळं हवा त्याला वर उचलून धरते, म्हणून पाव ग्रॅमचा गोळा पन्नास मीटर सरळ तरंगत जातो. फिरकी जास्त झाली की छर्रा मधेच विमानासारखा वर उडतो, कमी झाली की तीस मीटरवर नाक खाली. वीस पौंडांचं चांगलं रबर आणि स्वच्छ नळी असेल तर स्वस्तातली बंदूक महागाला ऐकत नाही, आणि उलटं म्हणजे पाचशे पौंडांच्या बंदुकीत घाणेरडं रबर असेल तर ती शोभेची काठी. मारुईवाले हे काम फॅक्टरीतच नीट करून देतात. शिवाय त्यांच्या नेक्स्ट-जेन मालिकेत आत एक वजन मागंपुढं होतं, खांद्याला खरा धक्का बसतो. टीममधल्या एका पोलिश पोराची आहे, मी दोन मॅगझिन चालवून बघितली, मन भरून आलं अक्षरशः. पण किंमत माझ्या बजेटच्या दुप्पट, आणि पार्ट त्यांचे वेगळे. शीटमध्ये हिरवा रंग दिला आणि बाजूला ठेवली.

दुसरं, गॅसवाली. मारुईचीच एमडब्ल्यूएस, एकदम खऱ्यासारखी, दर शॉटला बोल्ट म्हणजे आतला सरकता भाग मागं जातो, मॅगझिन संपलं की अडकून राहतो. पण गॅस म्हणजे मुळात प्रोपेन आणि थोडं सिलिकॉन तेल, थंडीत त्याचं प्रेशर पडतं. मी खेळतो नोव्हेंबर ते मार्च जास्त, कारण उन्हाळ्यात भारतात जाणं होतं. तीन डिग्रीला गॅसची बंदूक म्हणजे सकाळच्या थंडीत न लागणारी लुना. बाद. पाठीवर हवेची टाकी आणि नळी लावून खेळतात तो प्रकार पण आहे, मला तो पाणबुड्यासारखा वाटतो, तो पण बाद.

मग तैवान. बहुतेक मधल्या किमतीचा चांगला माल तिथूनच येतो, जी अँड जी, आयसीएस, व्हीएफसी, एलसीटी. जी अँड जी ची कॉम्बॅट मशीन तर इथं प्रत्येक दुसऱ्या नवशिक्याच्या हातात दिसते, भाड्याच्या बंदुकांत पण तीच. आयसीएसचा गिअरबॉक्स दोन भागात वेगळा होतो, वरचा भाग काढला की स्प्रिंग पिस्टन हातात, फ्रिजमागं जात नाही, माझ्यासारख्यासाठी देवाने बनवल्यासारखा, पण त्याचं शेल त्यांचं स्वतःचंच, दुसऱ्या कंपनीचं सहज बसत नाही. व्हीएफसी दिसायला सगळ्यात देखणी, जर्मनीच्या उमारेक्स कंपनीकडं खऱ्या बंदुका बनवणाऱ्या हेकलर अँड कोखचं लायसन्स आहे आणि उमारेक्ससाठी त्यांच्या एचके४१६ रायफलची नक्कल बनवते ती व्हीएफसीच, त्यामुळं शिक्के एकदम ओरिजिनल. शिक्क्यांचे पैसे वेगळे लागतात हे सांगायला नको.

मग स्पेक्ना आर्म्स, ब्रँड पोलंडचा, बनतात चीनमध्ये. गेल्या काही वर्षांत यांनी बाजार खाल्लाय. दीड-पावणेदोनशे पौंडांत मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच लावून देतात, म्हणजे ट्रिगरचे कॉन्टॅक्ट जळत नाहीत, मला २०१५ ला हेच वेगळं पन्नास पौंड देऊन करून घ्यावं लागलं होतं. शीटमध्ये पैशाच्या हिशोबाने हीच वर होती, आणि अक्कल असती तर इथंच थांबलो असतो.

पण मनात होती एके, म्हणजे एके-४७ जातीची. लाकडी दस्त्याची, स्टीलची, एलसीटीची. खरी कारणं दोन, एक म्हणजे एकेचा गिअरबॉक्स व्ही-थ्री असतो, त्याच्या पुढच्या टोकाला तो पातळ चौकोन नसतो, त्यामुळं माझ्या बंदुकीचं झालं तसं सहसा होत नाही. हे मी बायकोला सांगितलेलं कारण. दुसरं म्हणजे ती एके आहे. एवढंच. लहानपणापासून सिनेमात बघितलेली. नळी स्टील, बॉडी स्टील, दस्ता खऱ्या लाकडाचा, फोटोकडं बघत बसायचो.

टीममधला एक इलेक्ट्रिशियन आजोबा आहे, पासष्टीचा, तो म्हणाला फोटो बघून बंदूक आणि टोमॅटो घेऊ नये, दुकानात जा. नंबर रिन्यू झाला त्या शनिवारी गेलो. दीड तास ड्रायव्हिंग. निघताना मला सुचलं आणि मी कपाटातून सामानाचा काटा काढला, तो आपला विमानाच्या बॅगा मोजायचा, हुकवाला, ज्याच्यावर तेवीस किलोसाठी आपण भारतातून निघताना लोणच्याच्या बरण्या आतबाहेर करतो. कारण कंपन्या वेबसाइटवर वजन लिहितात ते बॅटरीशिवाय, मॅगझिनशिवाय.

दुकान म्हणजे एका इंडस्ट्रियल इस्टेटमधलं गोडाऊन, मागं दहा मीटरची छोटी रेंज. काउंटरवरचा पोरगा भला होता. त्याने एलसीटीची एके हातात दिली. आहाहा. थंडगार लोखंड, तेलाचा वास, लाकडावर हात फिरवला तर सागवानी कपाटाची आठवण. मी काटा काढला, पट्टा अडकवायच्या कडीत हुक घातला आणि उचलला, पोरगा नुसता बघतच राहिला, म्हणाला नाना तऱ्हेची गिऱ्हाईकं बघितली पण हे नाही. मॅगझिन आणि बॅटरीसकट पावणेचार किलोच्या वर. ऐकायला काही वाटत नाही. त्याने मला सांगितलं धर खांद्याला आणि मी सांगेपर्यंत खाली ठेवू नको. मी धरली. तो दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलायला गेला. दीड मिनिटात माझा दंड थरथरायला लागला, दोन मिनिटांनी नळीचं टोक पंख्यासारखं फिरत होतं. आणि रविवारी आपण सहा तास चालतो.

पण खरा घोळ पुढं झाला. मी घरून माझा मास्क आणि चष्मा घेऊन गेलो होतो, हे त्या आजोबाचंच डोकं. मला चष्मा आहे, त्याच्यावर गॉगल, खाली दात वाचवायला जाळीचा मास्क, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाचा पुढचा दात छर्ऱ्याने अर्धा गेलाय. तो सगळा साज चढवून एके खांद्याला लावली तर गाल दस्त्याला टेकतच नाही, मास्कची जाळी मधे येते आणि डोळा नेमाच्या दोन बोटं वर. मान वाकडी केली तर चष्मा गॉगलला घासतो आणि भपकन वाफ. एकेचा नेम बसतो खाली, ओरिजिनल डिझाइनच तसं आहे, तिथं मास्क घालून कोण गाल टेकवत होतं. वर रेड-डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, लावायला बाजूचा माउंट मिळतो, पण म्हणजे आणखी दोनशे ग्रॅम आणि ते लाकडाचं सौंदर्य गेलंच. मी तीनदा लावून बघितली. तीनदा. पोरगा काही बोलला नाही, फक्त हात पुढं करून परत घेतली. लग्नाला नकार आल्यावर मुलाकडचे लोक जसे चहा संपवतात तसा मी दोन मिनिटं तिथं उभा होतो.

मग एम-फोर जातीच्या एकामागं एक. वर सरळ रेल म्हणजे सामान अडकवायची पट्टी असते, त्याच्यावर उंच माउंट लावला की रेड-डॉट मास्क असूनही डोळ्यासमोर येतो, हा प्रश्न मिटला. काट्यावर नायलॉन बॉडीवाल्या अडीच किलोच्या आसपास, मेटलवाल्या तीनच्या. आणि इथं जत्रेतला तो बंदूकवाला परत आठवला, कारण सेफ्टी आणि सेमी-ऑटोचा (म्हणजे एका ओढीला एकच छर्रा) जो खटका असतो तो बहुतेकींना डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. मी डाव्या हाताने धरतो, नऊ वर्षं मी तो खटका तर्जनीने आत वळवून ओढायचो आणि मला त्याची सवय झाली होती, वाटायचं असंच असतं. पोराने विचारलं तू डावखुरा आहेस तर दोन्ही बाजूंना खटका असलेली का बघत नाहीस. मी त्याच्याकडं बघितलं. माझ्या शीटमध्ये तेवीस कॉलम होते. हा नव्हता.

दोन्ही बाजूंना खटका असलेल्या त्याच्याकडं त्या दिवशी दोन होत्या. एक व्हीएफसीची नवी कोरी, सुंदर, पण बजेटच्या बाहेर. आणि सेकंडहँडच्या मांडणीवर एक क्रायटॅक ट्रायडंट, आखूड नळीची. क्रायटॅक म्हणजे ज्या क्रिस कंपनीची वेक्टर नावाची खरी बंदूक आहे त्यांनीच काढलेला एअरसॉफ्टचा ब्रँड. कुणीतरी वर्षभर वापरून दिली होती, दस्त्याला एक ओरखडा, बाकी स्वच्छ. अंगठा टाकला आणि खटका जागेवर सापडला. न बघता. क्लिक. मी तो सेफ्टी, सेमी, सेफ्टी, सेमी असा दहाबारा वेळा केला असेन, पोरीला लाईटचं बटण नवीन सापडल्यावर ती करायची तसं. मॉसफेट आतच, हॉप-अप फिरवायच्या चाकाचा, मोजून खाचा खाचाने फिरतो. काट्यावर सगळं धरून पावणेतीन.

मागच्या रेंजवर नेली. दहा मीटरवर काय कळणार म्हणा, पण पुठ्ठ्यावर दहा छर्रे पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत. क्रोनो म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र लावला, ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्याने ३३८ फूट प्रतिसेकंद, म्हणजे १.०६ ज्यूल. इथं फुल-ऑटोला, म्हणजे एका ओढीत सलग छर्रे मारणाऱ्या बंदुकीला, कायद्याची मर्यादा १.३ ज्यूल आहे आणि बहुतेक साइट ३५० फूट प्रतिसेकंदावर थांबवतात, त्यामुळं स्प्रिंग बदलायचा पण खर्च नाही. मी विचारलं गिअरबॉक्स व्ही-टूच ना. तो म्हणाला हो, पण तू बॅटरी कुठली लावणार आहेस? मी म्हणालो ७.४. तो म्हणाला मग विसर. दोनशे दहा पौंड म्हणाला, मी एकशे नव्वद म्हणालो, त्याने दोनशेला एक मॅगझिन आणि छर्ऱ्यांची पिशवी दिली. घासाघीस केली याचं समाधान वेगळंच, बायकोला पहिल्यांदा तेच सांगितलं. सेकंडहँड असली तरी यूकारा नंबर त्याने तपासलाच. बॅगेत घालून चेन लावून डिकीत, कारण ही वस्तू पार्किंगमध्ये जरी उघडी हातात धरली आणि कुणी फोन केला तर खरे पोलीस खऱ्या बंदुका घेऊन येतात.

उरलेल्या पैशात नवीन हॉप रबर आणि दोन बॅटऱ्या. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, ती म्हणाली नोकरी आहे ना रे अजून.

डिसेंबरातला पहिला गेम. सकाळी क्रोनोच्या टेबलावर केशरी झिप-टाय बांधून घेतला, ती पास झाल्याची खूण. पहिला तासभर मी हॉपच फिरवत होतो, ०.२८ चे छर्रे घातले होते, आधी सगळे झाडाच्या शेंड्यात, मग एक खाच मागं, मग परत एक, आणि मग एकदा असा गेला की पांढरा ठिपका सरळ रेषेत तरंगत तरंगत पन्नासेक मीटरवरच्या पिंपाच्या मागं उभ्या असलेल्याच्या टोपीवर टक्. तो इकडं तिकडं बघायला लागला, कुठून आला ते त्याला कळलंच नाही. दंड दुखला नाही. सातपैकी दोन जुनी मॅगझिन छर्रे वर चढवत नाहीत, पण ती जुन्या बंदुकीत पण चढवत नव्हतीच, मीच भावनेपोटी ठेवलीत. एकेवाला समोरून आला एकजण दुपारी, एलसीटीच, लाकडी. मी त्याला मारला आणि मग जाऊन त्याची बंदूक दोन मिनिटं हातात मागून घेतली.

आणि जुनी? नाताळच्या सुट्टीत घरीच होतो, बाहेर चार वाजता अंधार. मागवलं शेवटी ते चाळीस पौंडांचं शेल, पिस्टन पण मागवला, कोपरे कानशीने गोल केले, रबराची चकती चिकटवली, यावेळी स्प्रिंग आधी सोडवली. चार संध्याकाळी लागल्या. पुण्याहून नवीन आलेला ऑफिसमधला एक पोरगा आहे, त्याला जंगलात न्यायचंय, साइटवर भाड्याची घेण्यापेक्षा ही देईन. चालते. ती आठवी चकती काही सापडली नाही, तिच्याऐवजी एक जाडसर घातलीये, त्यामुळं फायर केली की गिअर घासल्याचा आवाज येतो. पोरीने तिचं नाव मिक्सर ठेवलंय.